डावं-उजवं

आमच्याकडे ताट वाढायची पद्धत जुनी आहे. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं आणि उजवीकडे भाजी-आमटी. आईने हे आम्हा भावंडांना इतकं ठोकून शिकवलंय की अजूनही ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट हातात घेतलं की माझा हात आपोआप लोणचं डावीकडे सरकवतो, लोक हसतात, हसू देत. तर गेल्या वर्षी आई हॉस्पिटलमधून घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी बायकोच्या लक्षात आलं की आईच्या ताटातली डावी बाजू रोज जशीच्या तशी परत येतेय. चटणीला हात नाही, कोशिंबीर तशीच, पोळीसुद्धा उजवीकडून अर्धी खाल्लेली. आम्हाला वाटलं तोंडाला चव नसेल, औषधं केवढी चालू आहेत. मग एकदा बायकोने काही न बोलता ताट गोल फिरवून ठेवलं. आईने चटणी खाल्ली आणि म्हणाली, "आज चटणी केलीस होय गं?"

चटणी रोजच होती.

आईला स्ट्रोक आला तेव्हा पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. उजव्या मेंदूत गुठळी, त्यामुळे डावी बाजू गेली, कारण मेंदूतून हातापायांकडे निघालेले बहुतेक तंतू मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी एकमेकांना ओलांडून बाजू बदलतात. सकाळी सहाला तुळशीला पाणी घालताना तांब्या हातातून पडला. ती म्हणाली हातावर झोपले असेन, मुंग्या आल्यात. मीही म्हटलं बाम लाव. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि आम्ही पोचलो बाराच्या सुमाराला. नातेवाइकांना मी बरेच दिवस "पालखीमुळे रस्ते बंद होते" असं सांगत होतो. रस्ते बंद होते हे खरं, पण आम्ही घरातूनच अकराला निघालो होतो.

आणि आता जो डावा भाग ताटात दिसत नव्हता तो तिचा स्वतःचाही तिला नीट दिसत नव्हता. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये हे बऱ्याचदा होतं, डोळे ठीक असतात पण डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. हात पलंगाखाली लोंबकळतोय, पदर सुटलाय, तिला पत्ता नाही. जिने आयुष्यभर दोन मुलांमध्ये कधी डावं-उजवं केलं नाही, ताईला पेढा तर मलाही पेढा, माझ्या पाठीत धपाटा तर ताईच्याही, तिच्याच शरीराने असं डावं-उजवं करावं.

घरी फिजिओ यायला लागली. पंचविशीची मुलगी, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी नऊला ॲक्टिवावर. पहिल्या दिवशी "आजी" म्हणाली, आईने तिथल्या तिथे "काकू म्हण" असं सांगितलं, जीभ थोडी जड होती तरी हे वाक्य स्पष्ट आलं. मग तिने आईचा एकेक सांधा हलवून बघितला आणि कागदावर आकडे लिहिले. खांदा २, कोपर २, मनगट १, मांडी ३, पाऊल १. आई निवृत्त शिक्षिका आहे, महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं. तिने विचारलं, "कितीपैकी?"

"पाचपैकी, काकू."

"पाचपैकी दोन?" आईचा चेहरा असा झाला की जणू काही कुणी तिच्या वर्गाचा निकाल वाचून दाखवला.

हे मार्क ताकदीचे. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, एक म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो, दोन म्हणजे गुरुत्वाकर्षण काढून घेतलं तर हलतो, तीन म्हणजे त्याच्याविरुद्ध उचलता येतो, चार म्हणजे वर थोडा जोर लावला तरी टिकतो आणि पाच म्हणजे नॉर्मल. मला यातलं "गुरुत्वाकर्षण काढून घेतलं तर" हे कळेना. आमच्या दुसऱ्या मजल्यावर ते कसं काढणार? तर तिने माळ्यावरचा कॅरम बोर्ड काढायला लावला. डायनिंग टेबलवर कॅरम, त्यावर बोरिक पावडर, त्यावर आईचा डावा हात, कोपरापासून पुढचा. आता हाताचं वजन बोर्डने घेतलंय, नुसतं पुढे-मागे सरकवायचं. जो हात मांडीवरून इंचभर उचलला जात नव्हता तो त्या पावडरवर पार समोरच्या पॉकेटपर्यंत गेला, लटपटत, वाकडातिकडा, पण गेला. दोन मार्कांची हालचाल ती हीच. मी मागे उभा राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो आणि तो व्हिडिओ इतका हललाय की ताईला नाशिकला पाठवता आला नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती घरोघरी होत असणार. पहिल्या आठवड्यात आईला उठवताना मी तिचा डावा हात धरून ओढायचो. म्हणजे लहान मुलाला हात देऊन उभं करतो तसं. प्रेमाने. पण त्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, तेच तर त्या उखळीतलं हाड जागेवर धरून ठेवतात, ते ढिले झाल्यावर हाताच्या नुसत्या वजनानेही खांदा खाली उतरतो, फिजिओने मला तिथे बोट लावून दाखवलं, हाडाखाली चक्क बोटभर खड्डा. त्यात मी रोज सहा-सात वेळा ओढत होतो. पुढचे दोन महिने खांदा दुखला, रात्री झोप नाही, आणि दुखतं म्हणून हाताचा व्यायाम मागे पडला. तेव्हापासून आमच्या घरात नियम: बगलेत हात घालायचा नाही, हात ओढायचा नाही, कमरेला पट्टा बांधून तो धरायचा, आणि खुर्चीत बसली की डाव्या हाताखाली उशी. आलेल्या पाहुण्यांना हे सांगायला मी दारातच उभा असायचो, काही जणांना राग आला.

पाहुण्यांवरून आठवलं, स्माईली बॉल. आईला भेटायला आलेल्या प्रत्येकाने तो पिवळा स्पंजचा बॉल आणला. घरात सात झाले. "दाबत राहा म्हणावं, ताकद येईल." फिजिओने ते सातही एका पिशवीत घालून ठेवले. आईची बोटं तोवर आत वळायला लागली होती, मूठ आवळलेलीच राहायची, म्हणजे मिटणारे स्नायू आधीच जास्त ओढत होते आणि उघडणारे झोपलेले. तिला मिटायचं नाही, उघडायचं शिकायचंय. त्यापेक्षा टेबलावरचा ग्लास सोडून देणं हा व्यायाम. धरणं नाही, सोडणं. सोडायला आईला पहिल्यांदा जवळजवळ मिनिटभर लागलं.

बोटं आखडायला लागली तेव्हाच एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांनी, जे स्वतः या क्षेत्रातले होते, मला बाजूला घेऊन सांगितलं की वजन-बिजन अजिबात उचलायला लावू नका हो, ताठरपणा वाढेल, नुसतं हळूवार हलवा. मी घाबरलो. दोन दिवस व्यायाम बंद ठेवला. फिजिओला विचारलं तर ती चिडली नाही, म्हणाली, सर, ते त्यांच्या काळाचं बरोबर सांगतायत.

मग मी रात्री बसून वाचत गेलो. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ हे जोडपं होतं, नाझींच्या काळात तिकडे गेलेलं, ती फिजिओथेरपिस्ट आणि तो डॉक्टर. १९४० च्या दशकापासून त्यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी जी पद्धत बसवली ती जगभर पसरली, आणि तिच्यात असं मानलं जायचं की रुग्णाने जोर लावला की ताठरपणा वाढतो, म्हणून जोराचे व्यायाम टाळा, आधी हालचालीचं वळण सुधारा. किती तरी पिढ्या हेच शिकून बाहेर पडल्या. गंमत म्हणजे त्याच सुमाराला, १९४५ मध्ये, अमेरिकेत थॉमस डिलॉर्म नावाचा लष्करी डॉक्टर गुडघे निकामी झालेल्या सैनिकांना बरोबर उलटं करायला लावत होता, हलकं वजन शंभरदा नाही, जड वजन दहा वेळा, आणि जमलं की वजन वाढवा. पण ते मोडक्या गुडघ्यांचं, मेंदूच्या माणसांना ते लागू नाही असं धरलं गेलं. पुढे हळूहळू लोकांनी मोजून बघायला सुरुवात केली. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या अडा, डॉर्श आणि कॅनिंग या तिघींनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र मांडले आणि निष्कर्ष निघाला की स्ट्रोकनंतर ताकदीचे व्यायाम दिले तर ताकद वाढते, रोजच्या हालचालींतही थोडा फरक पडतो आणि ताठरपणा वाढत नाही. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं आपण माणसांना जपत बसलो. मला त्या गृहस्थांचा राग नाही आला, कारण मीही तेच करत होतो ना, फक्त माझ्याकडे कुठली पद्धत-बिद्धत नव्हती, नुसती दया होती.

आपल्या पुण्याला हे खरं तर नवीन नको. युद्धातून मोडून आलेल्यांना पुन्हा उभं करण्याचं काम इथे शंभर वर्षं चालू आहे, खडकीची क्वीन मेरीज संस्था १९१७ साली मुंबईत सुरू होऊन पुढे इथे आलेली, आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ चं. आणि पेठेतल्या तालमी तर घराशेजारी. तालमीत वस्ताद पोराला पहिल्याच दिवशी मोठं मुदगल देत नाही पण वर्षभर तेच लहान मुदगल फिरवूही देत नाही. फिजिओ दुसरं काय करत होती?

तिची बैठक अशी. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची, त्यावर दोन घड्या घातलेली सतरंजी म्हणजे खुर्ची उंच झाली आणि उठणं सोपं झालं. हात पुढे गुंफून, नाक पायाच्या बोटांच्या पुढे नेऊन उठायचं. आई उठायची पण सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता शेजारी उभा, लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा. म्हणून फिजिओने डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं मागे ठेवायला लावला, मागच्या पायावर आपोआप जास्त भार येतो. शिवाय तिने बाथरूममधला वजनकाटा मागवला. डावा पाय काट्यावर, उजवा त्याच उंचीच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर (बघा, फेकली नव्हती ते बरं झालं). आईचं वजन अठ्ठावन्न. काटा दाखवायचा चौदा. म्हणजे बाकीचे चव्वेचाळीस उजव्यावर. आई म्हणाली, "हा तर कामचोर आहे."

"कामचोर नाही काकू, त्याला कामच मिळत नाहीये. तुम्ही सगळं याला देता."

मग सतरंजीची एक घडी कमी झाली. दहा दिवसांनी दुसरी. खुर्ची इंच-इंचाने खाली येत होती आणि काटा किलो-किलोने वर. एकोणीस. बावीस. मधेच एकदा ताप आला, पुन्हा सतरा.

श्वासाची एक भानगड होती. जोर लावताना आई श्वास कोंडायची, त्याने बीपी एकदम चढतं, आणि तिला तर बीपीमुळेच हे सगळं झालेलं. बीपी मोजल्याशिवाय फिजिओ सुरुवातच करायची नाही. तिने सांगितलं, मोठ्याने आकडे मोजा, बोलताना श्वास कोंडता येत नाही. आईने एक-दोन-तीन म्हणायला साफ नकार दिला. बालवाडी आहे का म्हणे. त्याऐवजी पाढे म्हणायला लागली. बे एके बे, उठायचं, बसायचं. बे दुणे चार. एक पाढा म्हणजे बरोब्बर दहा, बे दाहे वीसला सेट संपला. दर सेटला पुढचा पाढा. स्ट्रोकच्या रुग्णांना आठवड्यातून दोन-तीन दिवस, आठ-दहा प्रकार, प्रत्येकी दहा-पंधरा वेळा असं साधारण सांगतात, ते सगळं आईने पाढ्यांत बसवलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना वाटलं आई शिकवण्या घ्यायला लागली, त्यांनी नातवासाठी विचारलंसुद्धा.

वजनं आधी घरातलीच. अर्धा किलोची तुरडाळीची पुडी, मोज्यात भरून मनगटाला बांधलेली. मग वेल्क्रोचे पट्टे आणले. मग ते रबराचे रंगीत पट्टे, पिवळा हलका, त्यावर लाल, मग हिरवा, निळा, काळा. आई आमच्या दाराच्या कडीला पिवळा पट्टा अडकवून डाव्या हाताने मागे ओढायची. तीन महिन्यांनी लाल मिळाला तेव्हा तिने शेजारी सांगितलं.

आणि उजव्या बाजूलाही व्यायाम होता. मी म्हटलं, चांगल्या हाताला कशाला? फिजिओ म्हणाली, तो चांगला नाही, कमी बिघडलेला आहे. स्ट्रोकनंतर तीही बाजू थोडी उतरते आणि अंथरुणावर पडून तर आणखीनच. दुसरं एक तिने सांगितलं ते मला खोटंच वाटलं, की एका बाजूला व्यायाम दिला तर न हललेल्या दुसऱ्या बाजूचीही ताकद थोडी वाढते. पण ते खरं निघालं, अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच हे मोजून ठेवलंय. कारण पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद येते ती स्नायू फुगल्यामुळे नसतेच, मेंदूकडून येणारा हुकूम जास्त तंतूंपर्यंत आणि जास्त झटपट पोचायला लागतो म्हणून असते. आईच्या बाबतीत तर हुकूमच अडकला होता. त्यात वापर नाही म्हणून स्नायूही वाळला, पोटरीचा घेर डोळ्यांना कमी दिसत होता.

पण एक सांगायला हवं नाहीतर हे फार गोड होईल. ताकद आली म्हणून काम आलं असं नाही. सहाव्या महिन्यात आई डाव्या हाताने किलोभर वजन कोपरापर्यंत उचलत होती आणि तरी गाऊनचं बटण लागत नव्हतं. ती त्या दिवशी रडली. मीही बायकोवर उगाच ओरडलो. बटणाची ताकद वेगळी, ती बटणं लावूनच येते, आणि कधी कधी पुरती येतही नाही. साडीच्या निऱ्या अजून जमत नाहीत. एरवी ती म्हणायची निऱ्या म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. परवा हेच वाक्य तोंडात आलं आणि अर्ध्यात थांबली, मग स्वतःच हसली.

सगळ्यात अवघड होतं आम्ही हात बांधून बसणं. दिवसभराची मावशी ठेवली होती, ती इतकी प्रेमळ की आईने तांब्याकडे बघितलं की पाणी तोंडाशी. फिजिओ आठवड्यातले तीन तास यायची, बाकीचे सगळे तास आम्ही. एडवर्ड टाउब नावाच्या शास्त्रज्ञाचं एक म्हणणं आहे की दुबळा हात वापरून बघितला, फसला, दुसऱ्याने भागलं, असं पुन्हा पुन्हा झालं की न वापरणं हीच शिकलेली सवय होऊन बसते. त्याच्या पद्धतीत चांगल्या हाताला जागेपणी बराच वेळ मिटन, म्हणजे बोटं एकत्र झाकणारा हातमोजा, घालून ठेवतात. आईच्या मनगटात त्यासाठी लागते तेवढी हालचाल तेव्हा नव्हती, पण मला वाटलं मिटन खरं तर आम्हाला घालायला हवं होतं. मला, मावशीला, बायकोला, आणि नाशिकहून येऊन आईच्या तोंडात घास भरवणाऱ्या ताईला तर दोन्ही हातांना.

जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, हे पहिल्या महिन्यात घोकून घेतलं होतं, कारण वर ओढायचं आणि खाली पेलायचं काम चांगल्या पायाने करायचं. आठव्या महिन्यात फिजिओने तेच मोडायला लावलं. कठड्याला उजवा हात, मी एक पायरी खाली, आणि पहिल्याच पायरीवर डावा पाय ठेवून त्याच्या जोरावर वर. एकच पायरी. खाली उतर, परत वर. आईचा गुडघा शिलाई मशीनसारखा थरथरत होता. माझे हात पुढे गेले, फिजिओ न बघता म्हणाली, "सर, हात खिशात." तिचं वय माझ्या निम्मं. मी घातले खिशात.

पोळपाटावर आता डावा हात येतो. लाटत नाही, नुसता कडेला धरून ठेवतो, पोळपाट फिरू नये म्हणून. मधेच विसरतो आणि पोळपाट सरकतो, आई त्याच्याकडे बघते, वर्गात मागच्या बाकावर गप्पा मारणाऱ्या पोराकडे बघावं तसं, आणि तो परत येतो. पोळ्या काही गोल होत नाहीत. ताटातली कोशिंबीर मात्र संपते, डावीकडे ठेवली तरी, बहुतेक वेळा.

फिजिओ आता आठवड्यातून एकदाच येते. बाकीच्या दिवशी आई एकटीच करते आणि वहीत लिहून ठेवते, ती शाळेतली लांब रेघी वही, समास सोडून. परवा उघडी पडली होती म्हणून वाचली. तारीख, बीपी, आणि खाली: डावा पाय, दीड किलो. तेराचा पाढा. तेरा साती एक्क्याण्णवला पाय राहिला. उरलेले तीन संध्याकाळी.